दोन वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे

श्रोतेहो, सोन्याचा कस पाहावयाचा असला म्हणजे सराफ काय करतो, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तो काळाभोर कसोटीचा दगड घेतो आणि त्यावर सोन्याची एक रेघ ओढतो. दगड काळा असतो म्हणूनच ती पिवळी रेघ उठून दिसते. परंतु एवढ्याने त्याचे काम भागत नाही. ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ तो तिच्या शेजारी ओढतो, आणि त्या दोन रेघा ताडून पाहून मग भाव सांगतो. या लहानशा व्यवहारात दोन निराळ्या गोष्टी आहेत. काळ्या दगडाच्या विरोधाने रेघ दिसते. तिची किंमत मात्र दुसऱ्या सोन्याच्या शेजाराने कळते. नुसता विरोध डोळ्यांना उपयोगी पडतो, निर्णयाला पडत नाही. निर्णयासाठी शेजारी ठेवलेल्या वस्तूंत काही तरी समान असावे लागते.

परस्परविरुद्ध गोष्टी शेजारी ठेवून पाहणे ही इतिहासाची फार जुनी रीत आहे. प्लूटार्क नावाच्या ग्रीक चरित्रकाराने एक ग्रीक व एक रोमन अशा पुरुषांच्या जोड्या लावून चरित्रे लिहिली आणि बहुतेक जोड्यांच्या शेवटी त्या दोघांची तुलना केली. आपल्या शाळांतील मुलांनाही ‘अमक्याची व तमक्याची तुलना करा’ असा प्रश्न पिढ्यानपिढ्या घातला जात आहे. या रीतीने केव्हा ज्ञान होते आणि केव्हा नुसता कलह पदरी पडतो, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी लागणारी उदाहरणे मी एकाच शहरातून व त्याच्या आसमंतातून घेणार आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी या नावाने वसविलेले, औरंगजेबाने आपल्या सुभेदारीत औरंगाबाद म्हणविलेले आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालेले ते हे शहर होय.

या शहरातील उस्मानपुरा या वस्तीचे नावच पाहा. ‘उस्मान’ हे अरबी विशेषनाम आणि ‘पुर’ हा संस्कृत शब्द; हे दोन एका नावात इतके एकजीव झाले आहेत की तेथे राहणाऱ्यास त्यांतील सांधा जाणवतही नाही. या उस्मानपुऱ्यातच महानगरपालिकेचे नाट्यगृह उभे आहे आणि त्याचे नाव संत एकनाथ रंगमंदिर असे आहे. शेजारचे इतर पुरेही असेच: एकीकडे बेगमपुरा, दुसरीकडे मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आलेल्या राजपूत सरदारांची नावे सांगणारे जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा. ज्या गावात रोजच्या पत्त्यातच अशा जोड्या आहेत, त्या गावाचा इतिहास जोडीजोडीने वाचावा हेच योग्य.

परंतु जोडी लावण्याचेही शास्त्र आहे, आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा बारकाईने विचार केलेला आहे. ‘व्यतिरेक’ हा एकच शब्द त्यांनी दोन शास्त्रांत दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरला. साहित्यशास्त्रात व्यतिरेक हा अलंकार आहे. मुख चंद्रासारखे आहे असे म्हटले की उपमा झाली; मुख चंद्राहून सरस आहे, कारण चंद्रावर डाग आहे, असे म्हटले की व्यतिरेक झाला. दोहोंपैकी एकास वर चढवावयाचे आणि दुसऱ्यास खाली उतरवावयाचे, हे त्याचे काम. न्यायशास्त्रातील व्यतिरेक याहून निराळा आहे. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघर, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे मोठे तळे, हा व्यतिरेक. येथे स्वयंपाकघर व तळे या दोन अगदी विजोड वस्तू शेजारी आणल्या आहेत खऱ्या. पण स्वयंपाकघर श्रेष्ठ की तळे श्रेष्ठ हे ठरविण्यासाठी नव्हे. धुराचे कारण काय, हे त्यांच्या शेजारातून काढावयाचे आहे. कवीचा व्यतिरेक पारितोषिक देतो. नैयायिकाचा व्यतिरेक कारण शोधतो. इतिहासात आपण बहुधा नैयायिकाचे आसन घेऊन बसतो आणि काम मात्र कवीचे करतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिची ही कबर. या वास्तूस कोणी ‘दख्खनचा ताज’ म्हणतात, कोणी ‘गरिबांचा ताज’ म्हणतात. दोन्ही नावांत ताजमहाल शेजारी आणून उभा केलेला आहे आणि निकाल आधीच लागलेला आहे. आग्र्याचा ताज नखशिखांत संगमरवरी. येथे भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या बैठकीपर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा, आणि मग पुन्हा संगमरवरी घुमट. तेथे प्रमाणे विस्तृत. येथे मनोरे इमारतीच्या मानाने अंगावर आल्यासारखे. पाहणारा हसतो आणि परत फिरतो. एका वाक्यात एक वास्तू मुकाट झाली. हा झाला अलंकारातील व्यतिरेक.

आता याच दोन वास्तू नैयायिकाच्या रीतीने शेजारी ठेवून पाहू. प्रथम साम्य पाहावे. मुमताजमहाल १६३१ साली बऱ्हाणपुरास बाळंतपणात वारली. दिलरसबानू १६५७ च्या ऑक्टोबरात, पुत्रजन्मानंतर महिन्याभरात, वारली. ताजच्या उभारणीत प्रमुख मानला जाणारा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी. मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखात नाव आहे ते त्याच्याच मुलाचे, अताउल्ला याचे, आणि त्याच्या जोडीला हंसपतराय या कारागिराचे. म्हणजे दोन्हीकडे प्रसंग तोच, घराणे तेच, स्थपतीचे कुळही तेच. कसबात किंवा कल्पनेत एवढा फरक पडण्याचे कारण नाही. मग फरक कोठे आहे?

तो प्रसंगाच्या पाठीमागे आहे. शहाजहानने ताजचे काम हाती घेतले तेव्हा तो सिंहासनावर स्थिर होता आणि साम्राज्याचा खजिना त्याच्या हाती होता. दिलरसबानू वारली तेव्हा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होता, आणि शहाजहान आजारी पडल्याची बातमी नुकतीच सर्वत्र पसरली होती. पुढल्या फेब्रुवारीत तो सैन्य घेऊन उत्तरेस निघाला. १६५८ च्या एप्रिलात धर्मतची आणि मे महिन्यात सामूगढची लढाई झाली. बाप कैदेत पडला. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात मकबऱ्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये दिलेला आहे. तॅव्हर्निए हा फ्रेंच प्रवासी सांगतो की सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना त्याला या कामासाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे ३०० गाड्या भेटल्या, आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते. हे सर्व शेजारी ठेविले म्हणजे मकबरा ताजची फसलेली नक्कल न राहता एका निराळ्या काळाचा साक्षीदार होतो. सिंहासनासाठी भावाभावांत युद्ध चालू असताना, शेकडो कोसांवरून दगड आणवून, जेवढे होईल तेवढे संगमरवरात आणि उरलेले चुन्यात उरकलेले हे काम आहे. ताज आपणांस स्थैर्याची किंमत सांगतो. मकबरा अस्थैर्याची सांगतो. हसण्यासारखे त्यात काही उरत नाही.

शेजारी ठेवण्याचा आणखी एक साधा उपयोग येथेच सांगतो. हा मकबरा शहाजादा आझमशहाने १६५१ ते १६६१ या काळात आईच्या स्मरणार्थ बांधला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. या विधानाजवळ केवळ दोन सने ठेवा. आझमशहाचा जन्म १६५३ चा. आईचा मृत्यू १६५७ चा. म्हणजे जन्मापूर्वी दोन वर्षे या पुत्राने जिवंत आईची कबर बांधावयास घेतली आणि वयाच्या आठव्या वर्षी ती पुरी केली, असे मानावे लागते! तेव्हा बांधण्याचा हुकूम औरंगजेबाचा आणि आझमशहाचे नाव मागाहूनच्या डागडुजीमुळे जोडले गेलेले, असे मानणेच सयुक्तिक आहे. यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. दोन आकडे एका ओळीत लिहिण्याची होती.

आता मकबऱ्याच्या शेजारी ताज न ठेवता दुसरी एक कबर ठेवू. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर खुलदाबाद आहे. औरंगजेब १७०७ साली अहमदनगर येथे वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्यास येथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. वर छत नाही, घुमट नाही. मातीची कबर आणि तीत सब्जाचे रोप. भोवतालची संगमरवरी जाळी पुढे निजामाच्या राजवटीत बसविलेली. त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात असे आहे की स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीतील चार रुपये दोन आणे कफनासाठी खर्चावे आणि कुराणाच्या नकला करून मिळविलेले ३०५ रुपये फकिरांस वाटावे.

ही जोडी पहिलीहून अधिक बोलकी आहे, कारण येथे कर्ता एकच आहे. पत्नीसाठी घुमट बांधविणारा ३९ वर्षांचा सुभेदार आणि स्वतःसाठी उघडी माती मागणारा ८८ वर्षांचा बादशहा, यांत ५० वर्षांचे अंतर आहे. काव्यप्रकाशकार मम्मटाने ‘विषम’ अलंकाराचे जे प्रकार सांगितले त्यांत एक असा आहे की केलेल्या उद्योगाचे इच्छित फळ तर मिळत नाहीच, उलट अनर्थ ओढवतो. औरंगजेबाच्या उत्तरायुष्यास याहून नेमके नाव सापडणे कठीण. दक्षिण जिंकण्यास तो १६८१ साली निघाला. आदिलशाही १६८६ साली बुडाली, कुतुबशाही १६८७ साली बुडाली, आणि तरीही दक्षिण हाती आली नाही. पंचवीस वर्षे छावणीत काढून तो येथेच मेला आणि त्याच्या मागे साम्राज्य खिळखिळे झाले.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. साध्या कबरीचे दर्शन मनाला हळवे करते, आणि हळव्या मनास सारे काही क्षम्य वाटू लागते. म्हणून खुलदाबादच्या या मातीशेजारी तिसरी एक जागा ठेवावी लागते. ती पुणे जिल्ह्यात आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूर येथे ११ मार्च १६८९ रोजी, याच बादशहाच्या आज्ञेने, छत्रपती संभाजीमहाराजांचा अमानुष छळ करून वध करण्यात आला. जवळच वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. टोप्या शिवून कफनाचा खर्च काढणारा आणि हा वध करविणारा, दोन्ही एकच मनुष्य. १६६९ साली काशीचे मंदिर पाडविणारा आणि १६७९ साली जिझिया पुन्हा बसविणाराही तोच. यांतील एक चित्र झाकून दुसरे दाखविणे सोपे असते. इतिहासाचे काम दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर धरण्याचे आहे. खाजगी वैराग्य आणि राजकीय क्रौर्य एका माणसात शेजारी नांदू शकतात, हे कळणे सुखाचे नाही. पण राज्यकर्त्यांची पारख त्यांच्या साध्या राहणीवरून करू नये, एवढा धडा त्यातून खात्रीने मिळतो.

या दोन घराण्यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या पुत्राच्या जन्मानंतर दिलरसबानू वारली तो शहाजादा अकबर. मकबरा त्या जन्माची किंमत म्हणून उभा आहे. याच अकबराने १६८१ साली बापाविरुद्ध बंड केले, आणि बंड फसल्यावर तो दक्षिणेत पळून आला तो संभाजीमहाराजांच्या आश्रयास. पुढे तो इराणात गेला आणि तेथेच मेला. म्हणजे मकबऱ्यातील मातेच्या लेकास आसरा दिला तो मराठ्यांच्या छत्रपतींनी. इतिहासातील माणसे आपण पाडलेल्या दोन रकान्यांत नीट बसत नाहीत, हे अशा वेळी कळते.

खुलदाबादेत आणखी एक शेजार आहे. जे शहर औरंगजेबाचे नाव मिरवीत राहिले ते ज्याने वसविले, तो मलिक अंबरही तेथेच चिरनिद्रा घेत आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा वजीर झाला. डोंगरातले पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीने खडकीत आणले; त्याची महसुलाची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून दीर्घकाळ लोकांच्या तोंडी राहिली. मोगलांस त्याने आयुष्यभर दाद दिली नाही. जहांगीराच्या दरबारातील अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढलेले आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या शिरावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिन येथील संग्रहात आहे. वस्तुतः असे काही कधी घडलेच नाही. अंबर १६२४ साली भातवडीस मोगल व आदिलशाही या दोघांच्या फौजांना पुरून उरला आणि १६२६ साली म्हातारपणी शांतपणे मेला. चित्राशेजारी ही सने ठेविली म्हणजे चित्रास वेगळाच अर्थ येतो: ते विजयाचे चित्र नाही, न मिळालेल्या विजयाचे आहे. आणि ज्या वंशाने अंबराच्या शिराची स्वप्ने पाहिली, त्या वंशातील सर्वांत बलाढ्य बादशहास अखेर अंबराच्याच गावी जागा शोधावी लागली.

खुलदाबादेहून घाट उतरले की वेरूळ येते. तेथील ३४ लेण्यांत १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी व ३० ते ३४ जैन अशी मांडणी आहे. डोंगर एक, दगड एक, आणि देव निरनिराळे. कसोटीच्या व्यवहाराचे हे सर्वांत विस्तृत उदाहरण म्हणता येईल. कारण पाषाण समान असल्यामुळेच प्रत्येक पंथाने त्यात स्वतःचे काय घातले ते स्वच्छ दिसते. बौद्ध विहारात डोंगराच्या पोटात शिरावे लागते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी निगडित असलेले कैलास लेणे वरून खाली कोरीत आणून डोंगरापासून सुटे केलेले आहे. बौद्धांच्या तीन ताल लेण्याचे मजले आणि पलीकडच्या दशावताराचे मजले एकाच वळणाचे. एका पंथाच्या कारागिरांनी दुसऱ्याचे काम नजरेखालून घातले होते, हे ते दगड सांगतात. या शेजारात चढाओढ नव्हती असे नाही. पण चढाओढीसाठी शेजाऱ्याची लेणी बुजवावी लागली नाहीत.

हीच गोष्ट ज्याने दगडाऐवजी शब्दांत करून दाखविली, तो पुरुष आपणांस पुन्हा उस्मानपुऱ्याकडे घेऊन जातो. पैठणचे एकनाथमहाराज यांचा काळ सामान्यतः १५३३ ते १५९९ असा मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते. म्हणजे दोन जगांचा शेजार नाथांनी गुरुगृहीच पाहिला होता. त्यांच्या रचनांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ म्हणून एक प्रकरण आहे. एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाची, पूजेची, आचाराची उणी काढतात. तुर्क बोलतो ते दक्खिनी वळणाच्या बोलीत, हिंदू बोलतो ते मराठीत. दोघेही तावातावाने बोलतात, आणि नाथांनी कोणाच्याही तोंडी मुद्दाम दुबळे मुद्दे घातलेले नाहीत. आपला पक्ष जिंकवावयाचा असता तर तसे करणे सोपे होते. भांडणाच्या अखेरीस दोघांनाही उमगते की आपण ज्याच्याविषयी भांडतो आहोत तो एकच आहे, आणि ते एकमेकांस आलिंगन देतात. हिंदू हिंदू राहतो, तुर्क तुर्क राहतो. भेद पुसून ऐक्य साधलेले नाही. भेद पुरता बोलून दाखविल्यावर ऐक्य हाती आले आहे. विरोध उघड मांडण्याचे धैर्य आणि समान पाया शोधण्याचा धीर, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत. चारशे वर्षांपूर्वी ज्याने हे केले त्याचे नाव ‘उस्मान’ हा शब्द मिरविणाऱ्या वस्तीतील रंगमंदिरास असावे, यात मला तरी औचित्य वाटते.

हे सारे आज सांगण्याचे कारण नुसते कुतूहल नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात खुलदाबादची औरंगजेबाची कबर उखडून टाकावी अशी मागणी जोराने पुढे आली आणि त्या वादातून नागपुरात दंगल उसळली. मागणीमागील संताप समजण्यासारखा आहे. वढूची आठवण ज्यास आहे त्यास तो येणारच. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट ही की, ती मातीची कबर नाहीशी झाली तर कमी काय होईल? औरंगजेबाचा गौरव कमी होणार नाही, कारण तेथे गौरव असा नाहीच. कमी होईल ती मराठ्यांच्या पराक्रमाची साक्ष. आलमगीर म्हणविणारा बादशहा पंचवीस वर्षे झुंजून, दिल्लीचे तोंड पुन्हा न पाहता, याच भूमीत सहा फूट जागा घेऊन पडला, ही गोष्ट त्या मातीइतकी दुसरे कोण सांगेल? तुळापूर आणि खुलदाबाद ही एकाच वाक्याची दोन पदे आहेत. एक खोडले तर उरलेल्याचा अन्वय लागत नाही.

म्हणून श्रोतेहो, शहरात कधी जाणे झाले तर एवढे करावे. सकाळी मकबरा पाहावा, पण ताज मनातून काढून ठेवून. दुपारी खुलदाबादेस जावे आणि औरंगजेबाच्या कबरीवरून परतताना मलिक अंबराची कबर चुकवू नये. वेळ उरला तर वेरूळला उतरावे. आणि जवळ एक वही ठेवून तीत सने एकाखाली एक लिहीत जावी: १६२६, १६५७, १६८१, १६८९, १७०७. घरी मुलांस ती वही दाखवावी आणि विचारावे ते ‘यांत श्रेष्ठ कोण?’ असे नव्हे, तर ‘हे असे का झाले?’ असे.